लांबी

पहिल्या दिवशी फक्त बाहेरची मापं.
रस्त्याकडची बाजू बावीस फूट चार इंच.
टेपचं कडीचं टोक हसुरामच्या हातात,
माझ्या हातात आकडे.
काळ्या दगडाचं जोतं कमरेइतकं,
त्यावर वीट, आणि चुन्यात शिंपल्यांचा चुरा,
नखाने खरवडला तर अजून चमकतो.

घर रस्त्याला अरुंद,
आत मात्र संपता संपत नाही :
दुकान, दुकानामागे घाण्याची खोली,
मग चौक, विहीर,
मग थेट वाडीतल्या पहिल्या नारळापर्यंत.
अलिबागेत, इस्रायल आळीत
अशी घरं खांद्याला खांदा लावून होती.
आता मधेमधे हॉटेलं आहेत.

घाण्याच्या खोलीत जमीन गोल झिजलेली.
व्यास अकरा फूट.
बैल गेला, लाकडी लाट गेली,
वर्तुळ उरलं.
सहा दिवसांच्या चालण्याचं वर्तुळ,
शनिवार त्यात नाही,
आणि नसलेला शनिवार
टेपने कुठून कुठवर मोजायचा?

माडीचा कठडा बिडाचा, वेलबुट्टीचा,
पानापानाला गंजाची किनार.
समुद्राकडच्या खिडकीत एक तावदान मूळचं निळं,
एक नंतरचं हिरवं,
तिसरी साधी काच,
तिला कुणीतरी घाईत निळा ऑइलपेंट फासलेला.
हे सगळं मी वहीत नीट लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दार.
सागवानी चौकट, उजव्या बाहीला
खांद्याच्या उंचीवर तिरकी खाच,
चार इंच लांब, बोटभर खोल, रिकामी.
हसुराम वाकून बघत म्हणाला,
वाळवी नाय ही. कोणी मुद्दाम कोरलंय.
लांबी भरू काय?

तीन दिवस मी लांबीच तर भरत होतो,
रकान्यारकान्याने.

नव्या मालकीणबाईंना दार गुळगुळीत हवं होतं.
पाहुणे येणार, फोटो निघणार.
त्याने भरली.
सकाळी ती उंबऱ्यावर पडलेली,
अख्खी, खाचेच्याच आकाराची,
साच्यातून सुटलेल्या वडीसारखी.
पुन्हा भरली. पुन्हा तेच.
मग त्याने लाकडाला नाक लावलं.
तेल प्यायलंय हे, म्हणाला. धरायचं नाय काही.

दिवसभर तेल मापणारी बोटं
येता-जाता त्या जागी टेकत होती,
मग ओठांना.
चार पिढ्या, म्हणतात.
शेवटची बोटं सिगुलाबाई नागावकरांची.
अडुसष्ट साली निघताना त्यांनी
आतली डबी पेचकसाने सोडवली,
लुगड्याच्या पदरात बांधली,
आणि किल्ली शेजारच्या वाण्याकडे दिली.
हे वाण्याच्या सुनेने सांगितलं.
वहीत याला रकाना नव्हता.

नकाशा एकास पन्नास.
त्या प्रमाणात खाच दोन मिलिमीटर.
बारीक पेनाने मी एक तिरकी रेघ ओढली
आणि नगरपालिकेत गुंडाळी उलगडली.
बांधकाम विभागातल्या माणसाने चष्मा वर केला.
ही शाई सांडली का?

हो म्हटलं असतं तर त्याच दिवशी शिक्का मिळता.
मी म्हणालो, नाही, ते दार आहे.

दार तर इथे दाखवलंय, तो म्हणाला,
आणि बोट
रेघेच्या बाजूला ठेवलं.