निळं म्हणजे गेलं

मानियागोत माझ्या बापाला
एकाच रंगाची भीती होती.

एकतीस वर्षं सहाणेच्या चाकाशी वाकून
एजिदिओने पाती घासली.
दाब जरा जास्त पडला,
पाणी शिंपडायला क्षणभर उशीर झाला,
की टोकाशी उठायचा निळा डाग,
कुणी चिमटा काढल्यासारखा.
निळं म्हणजे गेलं, तो म्हणायचा.
पोलादाचं पाणी उतरलं.
मग ते पातं भंगाराच्या डब्यात.
त्या डब्याचा आवाज
वर स्वयंपाकघरात मोजता यायचा:
दोनदा वाजला तर जेवताना बाप गप्प,
तीनदा वाजला तर आईसुद्धा.

आता त्याच शेडमध्ये
मी निळं विकते.

मुठीसाठी टायटॅनियमच्या पट्ट्या.
पहिली त्याच्या तळहातावर ठेवली तेव्हा म्हणाला,
पोकळ आहे, तुला फसवलंय.
बारीक कागदाने घासायच्या,
अ‍ॅसिटोनने पुसायच्या,
त्यानंतर बोट लावायचं नाही. अजिबात नाही.
मग टॉर्च. इस्त्री फिरवावी तशी ज्योत,
एका जागी रेंगाळायची नाही.
आधी काहीच होत नाही.
बराच वेळ काहीच होत नाही.
मग वाळल्या गवताचं पिवळं,
मधाचं, मग वांग्याच्या सालीचं,
आणि धीर धरलात तर
निळं.
हाव धरलीत तर फिकट आकाशी,
मग राखी, मग बोलण्यासारखं काही नाही.

रंग मी लावत नाही, गिऱ्हाइकांना सांगते.
धातूवर साय धरते, डोळ्याला न दिसणारी,
तिच्यात उजेड अडखळतो, एवढंच.
पिवळ्यावरून निळ्यात जाता येतं.
निळ्यावरून परतायचं तर
सगळं खरवडून पहिल्यापासून.

फेब्रुवारीत ग्राझच्या एका दंतवैद्याने बारा सुऱ्या मागवल्या,
मुठी निळ्या, सगळ्या एकसारख्या.
तेवीस पट्ट्या झाल्या होत्या
आणि माझ्या उजव्या अंगठ्याला चार टाके,
माझ्याच सुरीने.
दे इकडे, बाप म्हणाला.

मी नको म्हणायच्या आत त्याने पट्टी उचलली,
कडेला न धरता, सरळ मधोमध.
विटेवर ठेवली. ज्योत आणली.
काय हात होता! मला अजून तसा जमत नाही,
कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही.
पिवळं आलं, सगळीकडे एकदम,
आणि ज्योत वर उचलली गेली.

पुढे, मी म्हटलं.
हात पुढे गेला नाही.
पुढे ने ना, बाबा.
झालंय, तो म्हणाला. धारेचा रंग हाच.
अरे, ही धार नाही, मूठ आहे!
ऐकलं त्याने. टॉर्च बंद केला,
काच पुसावी तशी चष्म्याची काच पुसली
आणि कोंबड्यांना बघायला गेला.

पट्टी निवल्यावर दिसलं:
पिवळ्याच्या मधोमध लांबट गोल डाग.
अंगठा.
पण रेषा नाहीत त्यात, एकही नाही,
सहाणेने कधीच खाल्लेल्या.
ओळखपत्राच्या कचेरीत
यंत्राने तीनदा नाकारलेला हाच अंगठा,
आणि तिथली बाई म्हणाली होती, परत ठेवा,
नीट ठेवा.

खरवडायला कागद घेतला होता मी.
ठेवून दिला.

दंतवैद्याला अकरा पाठवल्या,
बारावीला वेळ लागेल म्हणून लिहिलं.
उरलेली निळी पट्टी आणि ही,
दोन्ही एकाच पात्याला स्क्रूने बसवल्या.
ती सुरी आता घरात आहे, चीज कापायला.
जेवून उठताना तो ती ठेवतो
पिवळी बाजू वर.
मी ताटल्या उचलताना उलटते.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी.

काल आईने
आमच्याकडे न बघता
ती पावात उभी खुपसून ठेवली.