समुद्रसपाटीपासून

आमच्या गावात समुद्राचं नाव
एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे :
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, खाली, बारीक अक्षरांत.
समुद्रसपाटीपासून उंची तीनशे आणि वर काही मीटर.
एकतीस वर्षं त्या पाटीखाली उभी राहून
मी सहलीची पोरं मोजली,
आणि वर्गात फळ्यावर बंदरं काढली.
भडोच, सोपारा, चौल, आणि पार पलीकडे रोम.
मधे निळा खडू आडवा धरून फासायचा.
निळा खडू फार लवकर संपायचा.

गजभिये भूगोल शिकवायची, मी इतिहास.
स्टाफरूममध्ये नकाशा एकच,
त्यावरून भांडणं.
निवृत्तीनंतर दोघींनी मिळून
धरमपेठेतल्या एजंटाकडे पैसे भरले :
सात दिवस, नऊ मजली जहाज, जुनी बंदरं, पडके दगड.
तिची अट एकच,
दीक्षाभूमीच्या दिवसाआत घरी.
तो म्हणाला, मॅडम, व्हेज आहे, जैन पण आहे,
तर्री मात्र नाही मिळणार.

पहिल्या रात्री ती ओकत होती
आणि ओकता ओकता वाऱ्याची दिशा सांगत होती.
मला छान झोप लागली.
केबिनच्या भिंतीतली ती घरघर
थेट आमच्या मे महिन्यातल्या कूलरची,
फक्त वाळ्याचा वास नव्हता.

एक बेट लागलं,
तिथं म्हणे जन्मायला आणि मरायला बंदी होती.
दिवस भरलेल्या बाया होडीत घालून शेजारच्या बेटावर नेत.
सिंहांची तोंडं वाऱ्यानं पुसलेली,
त्यांच्यापुढे एक जपानी म्हातारा टोपी काढून उभा.
दुसऱ्या दिवशीचं काही आठवत नाही,
माझी चप्पल तुटली होती.

मग ते बंदर.
संगमरवरी रस्ता, दोन्हीकडे खांब,
दगडांत गाड्यांच्या चाकोऱ्या.
छत्री उंच धरलेली मुलगी पुढे चालत होती.
म्हणाली, हा बंदराचा रस्ता, इथून जहाजं दिसायची.
आम्ही शेवटापर्यंत गेलो.
शेवटी लव्हाळं होतं.
एक बेडूक.
मी विचारलं, समुद्र?
तिनं छत्रीनं दूर कुठंतरी दाखवलं. दीड-दोन कोस.

मी कारणं जुळवू लागले :
स्वाऱ्या, भूकंप, कोण राजा, कोणती लूट.
गजभिये लव्हाळ्यात वाकून माती चोळत होती.
"गाळ," ती म्हणाली.
"नदीनं गाळ आणला, अन् बस्स.
तुझे राजे-बिजे काही नाही त्याच्यात."

परतताना बस वळली, आणि खिडकीत
जिथं पाणी असायला हवं होतं तिथं
कापूस.
फुटलेला, पांढराशुभ्र, वेचणीला आलेला,
मैलच्या मैल,
डोक्याला फडकी बांधलेल्या बाया ओळीनं वाकलेल्या.
मी जोरात म्हणाले, अगं, पऱ्हाटी!
सगळी बस वळून पाहू लागली.
बाबा एम्प्रेस मिलमधून यायचे तेव्हा
त्यांच्या भुवया अशाच असत.
आई पदरानं पुसायची, ते डोळे मिटून उभे राहायचे,
आणि आम्हाला वाटायचं, बाबा म्हातारे होऊन आले.
पुढे मिलच गेली. धुराडं बरेच दिवस उभं होतं.
त्याचं कारण मी कधी फळ्यावर लिहिलं नाही,
परीक्षेला नव्हतं.

चष्म्याच्या डबीत एक बोंड आणलं.
कस्टमवाल्यानं डबी उघडली नाही.

मुंबईहून रात्रीची गाडी. सकाळी पिवळी पाटी.
गजभियेनं ती पहिल्यांदाच पाहिल्यासारखी वाचली,
आणि बॅग ओढत म्हणाली, अजून तरी तेवढीच आहे.

बाहेर ऑटोत भूपाल उईके, आठवी ब,
केस पांढरे झालेला.
"मॅडम, समुद्र पाहून आल्या म्हणते. कसा होता जी?"
मी म्हटलं, आम्ही पोचलो तेव्हा निघून गेला होता.
त्यानं किक मारली, पुन्हा मारली,
आणि मान न वळवता म्हणाला,
"मंग थोडी वाट पाहाची होती न."