रे

दंडोबाच्या पायथ्याला पहिली रात्र काढली आपण,
पौषात, त्या बिनखिडकीच्या डब्यात,
आणि पहाटे माझ्या कपाळावर टपकन थेंब पडला.
तुम्ही उठलात. टॉर्च दातात धरून
जोडन् जोड तपासलात,
आयुष्यभर रेडिओतली सुटलेली झाळ शोधायचात तसा.
रिव्हेट कोरडे, छताची कड कोरडी.
मी पडल्या पडल्या म्हटलं, गळत नाही हो कुठं.
आपलाच श्वास आहे हा,
पत्र्याला लागून परत आलाय.

त्यावर तुम्ही गप्प झालात ते थेट
माधवनगरच्या फाटकापर्यंत.
ओम्नीमागे डबा तेवढा बोलत होता.

चार बाय सातचा. सातच, कारण पाटी सात फुटांची.
पुरात पाण्याखाली राहिलेली दुकानाची पाटी
तुम्ही भंगारात घातली नाहीत, भिंत केलीत तिची,
रंगवलेली बाजू आत, लोक हसतील म्हणून.
तेव्हा झोपताना माझ्या उशाशी
चौगुले रेडिओ सर्व्हिस,
आणि अक्षरांच्या कमरेतून गेलेली चिखलाची रेघ.

मी ब्लाउज शिवणारी बाई, मला अस्तर कळतं.
सन्मतीनं तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधून
पफचे उरलेले तुकडे आणले,
पिवळट, दोन इंची, बेदाण्याचा वास न सुटलेले.
तुम्ही मिलिमीटर मोजत बसलात.
मी पेपर लावून नमुने कापले,
चाकाच्या फुगवट्यावर
बगलेत घालतात तशी कळी घातली,
फटीत फोम, जोडावर चंदेरी पट्टी.
डबा आतून पेढ्याच्या बॉक्ससारखा चकाकला.

खिडकीला मात्र तुमचा हात धजेना.
मिरजेहून, दस्तगीरच्या भंगारातून आणलेली
शाळेच्या बसची सरकती काच,
चौकटीवर कुणी कर्कटकानं कोरलंय "ओंका",
तेवढ्यात स्टॉप आला असणार.
चार दिवस ती शेवग्याला टेकून उभी.
भोक पाडलं की भिंतीचा जोर जातो, म्हणालात.
मग एका संध्याकाळी, जरा आडवी हो बघू.
झाले. माझ्या डोळ्यांच्या रेषेत
पेन्सिलीची खूण केलीत.
आता कुशीवर. दुसरी खूण.
अर्ध्या माधवनगरची मापं घेतली मी,
माझं माप असं कुणी घेतलं नव्हतं.

जिगसॉ किंचाळला, गल्लीतली कुत्री ओरडली,
आणि गवतात पडला पत्र्याचा चौकोन: "डिओ".
भिंतीवर एकीकडे उरलं सर्व्हिस,
दुसरीकडे, चौगुले रे.

छत्तीस वर्षं मी तुम्हाला अहो म्हणतेय.
भांडणात अहो, तापात अहो,
गच्चीला होडी लागली तेव्हाही, अहो, आधी तुम्ही.
नाव घेतलं ते एकदाच, उखाण्यात,
तेही यमक जुळत होतं म्हणून.
आणि या पत्र्यानं एका कापात म्हणून टाकलं.

अस्तराचा शेवटचा तुकडा घेऊन तुम्ही आलात.
म्हटलं, एवढं एक अक्षर झाकू नका.
थंडी शिरेल तिथून.
शिरू दे. वीतभर तर आहे.

काल अंगणातच झोपून पाहिलं.
भिंती कोरड्या, उबदार. काचेतून शेवग्याची फांदी,
तिच्यामागून मालगाडी गेली,
मी डबे मोजत होते, सव्विसाव्यावर डोळा लागला.
पहाटे पाहते तर अख्ख्या भिंतीवर
फक्त त्या अक्षरावर दव,
दोघांच्या श्वासाचं.
बोटानं पुसलं. ओठांतल्या ओठांत
म्हणून पाहिलं एकदा.

तू कूस बदललीस.