वाळूची माणसं

सकाळी साडेसातला, गेट उघडायच्या कितीतरी आधी
गाडीत पहिल्यांदा बसतात ती वाळूची माणसं.
कन्हानची वाळू, पोत्यांत भरलेली,
पासष्ट किलोचा एकेक, तोंड सुतळीनं शिवलेलं.
उईके फिटर आणि मी, दोघं मिळून उचलतो,
खांद्यावरची दांडी खाली ओढतो
आणि कान लावतो.
खट्. खट्. खट्.
तीन आवाज आले म्हणजे माणूस धरला गेला.
दोनच आले
तर कोणीच कोणाला धरलेलं नाही.

मग सोळा पोती वर जातात,
हिंगण्याच्या कारखान्यांची धुराडी दिसतील इतकी वर,
उलटी होतात, ओरडत नाहीत,
खाली आल्यावर केस सारखे करत नाहीत.
एका पोत्याला उईकेनं खडूनं मिशा काढल्यात,
आपल्या साळ्याचं नाव ठेवलंय,
रोज त्यालाच बसवतो पहिल्या डब्यात.

रजिस्टर: तारीख, वेळ, फेऱ्या तीन, ठीक.
सही, चंद्रकला नंदनवार.
अकरा वर्षं तेच लिहून
माझ्या 'ठीक'मधला ठ आता चाकासारखा गोल झालाय.

साडेदहाला खरी माणसं येतात.
गेटवर दमयंती पिशव्या चाचपते,
काडेपेट्या, अडकित्ते, खर्‍याच्या पुड्यांचा हा ढीग.
"जाताना घेऊन जा जी, कोणी खात नाही तुमचा."
मे महिन्यात दांडीला हात लावला की चटका,
मी ओला दुपट्टा फिरवते सोळाही दांड्यांवर,
शेवटचीपर्यंत पोचते तोवर
पहिली वाळलेली असते.

माझ्या खिडकीशी भिंतीवर एक संत्रं रंगवलंय,
हातपाय फुटलेलं, डोळा मारणारं.
त्याच्या देठाला डोकं लागेल
तोच आत.
उमरेडहून आलेला एक पोरगा
चपलांत मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा घालून उभा राहिला,
श्वास ओढून, मान ताणून,
तरी दोन बोटं कमी.
बाप म्हणाला, "वाढदिवस आहे त्याचा.
दोन बोटांनी का होते जी?"
मी म्हटलं, "दोन बोटांनीच होते जी."
मग तो माझ्या पगारावर आला,
मग माझ्या आईवर.
पोरगा रडला नाही. पुठ्ठे काढून
माझ्या खिडकीत ठेवून गेला,
जणू ते माझेच होते.

आणि तो रविवार.
गाडी भरलेली, रांग कँटीनच्या पुढे गेलेली,
मी दांड्या ढकलत चालले होते,
बारा, तेरा,
चौदा नंबरला
खट्. खट्.

बसलेली बाई म्हणाली, "आला की आवाज!"
कदाचित आलाही असेल, शिट्ट्यांत, गाण्यात.
मी लाल बटण दाबलं.
दोनशे माणसं एकदम माझ्या नावानं ओरडली,
ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं.
मॅनेजर आला, घड्याळ पाहून गेला.
उईके पाठीवर सरकत गाडीखाली शिरला
आणि चाळीस मिनिटांनी
तळहातावर एक खीळ घेऊन निघाला,
एका बाजूनं झिजलेली,
कातरलेल्या सुपारीएवढी.
बोलला काही नाही. खिशात टाकली.

त्या दिवशी काही झालं नाही.
जे झालं नाही त्याच्यासाठी
रजिस्टरमध्ये रकाना नाही.
मी लिहिलं, गाडी चाळीस मिनिटं बंद,
पैसे परत, एकशे बारा तिकिटं.
रात्री गोळीबार चौकात घरी पोचले,
कडी लावली, परत काढली, परत लावली.
मुलगा म्हणाला, "आई, लागली."
"ऐकू दे," मी म्हटलं.

परवा एक पोरगा आला, उंच, ओठावर लव.
संत्र्याकडे त्यानं पाहिलंच नाही,
त्याचा देठ याच्या खांद्याशी.
तोच असेल. नसेलही.
दांडी ओढताना शेडकडे बोट करून विचारलं त्यानं,
"ती पोती कशाला ठेवली जी तिथं?"
"तुझ्याआधी बसून आलीत," मी म्हटलं,
आणि वाकून
तिसरा आवाज येईस्तोवर
त्याच्याशी पुढं काही बोलले नाही.