चाळीस शब्द

फलकावर चाळीस शब्द बसतात.
एक्केचाळिसावा घातला की अक्षर बारीक करावं लागतं
आणि चष्म्याची माणसं न वाचता पुढे सरकतात.
हा नियम माझ्या आधीच्या बाईंचा.
त्या आता वाशीत मुलांना चित्रकला शिकवतात.

बेलापूरच्या खाडीकडे तोंड करून
आमचा रणगाडा उभा आहे.
त्याच्या नळीत साळुंकीनं दोनदा घर केलं,
तिसऱ्यांदा आम्ही झाकण बसवलं.
रविवारी पोरं त्यावर चढतात,
बाप खालून ओरडतात, सलाम कर, सलाम,
आणि फोटो हलतो.

आत, खंदकाच्या देखाव्यापाशी, एक लाल बटण.
दाबलं की वीस सेकंद तोफा.
घणसोलीच्या एका वर्गानं ते एकसष्ट वेळा दाबलं.
मी मोजलं. दुसरं काय करणार.
निवृत्त सुभेदार शेलार शनिवार-रविवार माहिती सांगायला येतात,
बटणाशी उभे राहतात ते
डावा कान स्पीकरकडे करून.
मला वाटायचं, शिस्त असेल.
दोन वर्षांनी कळलं, त्या कानानं ऐकू येत नाही.
मुलं विचारतात, तुम्ही किती मारले?
ते म्हणतात, पाणी कुठून आणायचो ते विचारा.
कुणी विचारत नाही.
ते तरी सांगतात.

मार्चमध्ये यमुनाबाई मढवी आल्या,
ऐरोलीच्या दिवा गावातून, नातीचा हात धरून.
पिशवीत ॲल्युमिनियमचा डबा, मांजरपाटात शिवलेला,
वर शाईचे शिक्के, एकावर एक,
आणि पत्त्यावर लाल पेन्सिलीची काट.
शिवण कधीच उसवली नव्हती.
वास येतो अजून, म्हणाल्या.
मी नाक लावलं. पेटीचा वास, डांबरगोळ्यांचा.
येतो, त्या म्हणाल्या.

मी लिहिलं:
डबा. ॲल्युमिनियम. डिसेंबर १९७१.
शिपाई हरिश्चंद्र मढवी यांना घरून पाठवलेली सुकट.
पार्सल पोहोचण्यापूर्वीच ते धारातीर्थी पडले.
सोळा शब्द. चोवीस शिल्लक.
इतकी काटकसर जमल्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

मे महिन्यात यमुनाबाईंनी ते नातीकडून वाचून घेतलं,
दोनदा.
मग म्हणाल्या, हे खोटं हाय गो.
त्याला सुकट आवरतच नव्हती.
तव्यावर टाकली की ताट घेऊन ओटीवर जायचा.
त्याचे बाजूला एक पोरगा झोपायचा,
डोंगरातला, समुंदर कधी न बघलेला.
त्याला दाखवायला मांगवली.
त्याचं नाव लिव.

नाव काय होतं?

त्यांनी नातीकडे पाहिलं, मग छताकडे.
पत्रात होतं.
पत्राला वाळवी लागली.

सुभेदारांनी पलटणीच्या कचेरीला तीन पत्रं टाकली.
एकाचं उत्तर आलं: चौकशी चालू आहे.
अजून चालू असावी.

मग मी सोळांच्या खाली लिहिलं:
त्यांना स्वतःला सुकट आवडत नसे.
समुद्र न पाहिलेल्या एका पहाडी मित्राला ती दाखवायची होती.
मित्राचं नाव आम्हाला ठाऊक नाही.
आपल्याला ठाऊक असल्यास कृपया कार्यालयात सांगावं.
एक्केचाळीस झाले. कुठला काढू?
अक्षर बारीक केलं.

जुलैत घणसोलीची शाळा पुन्हा आली.
डब्यापुढे कुणीतरी विचारलं, सर, आत काय आहे?
शेलार माणदेशातले. म्हणाले,
सुकट म्हणजे, बाळांनो, एक प्रकारची वाळलेली भाजी.
चाळीस पोरं एकदम हसली.
आणि मग सगळीच सांगू लागली,
कशी निवडायची, आधी कोरडीच कशी भाजायची,
कांदा किती, चिंच की कैरी
यावर दोघींचं भांडण झालं.
सुभेदार उजवा कान पुढे करून ऐकत होते,
वहीत काहीतरी टिपत होते.
दालनात तेवढा वेळ तोफा नव्हत्या.

त्या मुलाला कुणी सांगितलं असेल,
पार्सल निघालं होतं म्हणून?
हे फलकावर बसत नाही.

मग मागच्या रांगेतल्या एकानं
बटण दाबलंच.