निळी टेप

तिसरी बॅटरी, ओसमोनकुल.
एका हिवाळ्यात तिसरी.
आणि तीही तू तान्ह्या लेकरासारखी
कोटाच्या आत धरून आणलीस.
बाहेर उणे सव्वीस.

तुझी बायको सांगत होती बाजारात,
रोज रात्री ती काढून घरात नेतोस,
शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवतोस
आणि वर जाड नमदा घालतोस.
"एवढी ऊब मला लग्नात नाही मिळाली,"
म्हणाली, आणि आम्ही हसलो.
नारिनच्या थंडीत हसलं की दात ठणकतात.

बस. चहा ओत. मधे बोलू नकोस.

आधी तिला नुसतंच विचारलं, इंजिन बंद ठेवून :
बारा पूर्णांक तीन.
भुकेली आहे. आजारी नाही.
मग टर्मिनलवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्यानं धुतली,
नट आवळले. मार म्हटलं स्टार्टर.
खोकली, शिंकली, लागली तुझी गाडी.
बेल्ट कुरकुरत नव्हता.
आल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर एक सुई,
त्याच्याच अंगावर दुसरी :
चौदा पूर्णांक तीन. चोख.
आणि तिकडे बॅटरीवर, त्याच घटकेला,
बारा पूर्णांक सात.

कमावणारा कमावतोय
आणि घरात चूल गार.
मग वाटेत कोण खातंय?

सगळे बॅटरीलाच धरतात.
ती समोर असते, उचलता येते,
बदलली की काहीतरी केल्यासारखं वाटतं.
मीही धरलं होतं. दुसरी मीच विकली तुला,
साडेसहा हजार सोम मोजून घेतले
आणि वर म्हणाले, पाच वर्षं बघायला नको.

प्लसची वायर तपासली : शून्य पूर्णांक एक. निर्दोष.
राहिली उलटी बाजू, अर्थिंगची,
जिकडे घाईत कुणी वाकून बघत नाही.
आल्टरनेटरचं अंग, बॅटरीचा मायनस.
दीड व्होल्ट.
मीटर झटकून पुन्हा लावला.
दीड.

खाली गाडीखाली शिरले टॉर्च घेऊन.
इंजिनपासून चासीला जाणारी पट्टी,
आणि तिच्यावर निळी टेप.

निळी टेप इथं कुणी वापरत नाही.
एकच खोकं आलं होतं, नऊ वर्षांपूर्वी,
चुलतभाऊ कझारमानहून घेऊन आला होता,
माझ्या शेडला तेव्हा दारही नव्हतं.
टेपचं टोक आत दुमडलेलं,
पुढे कधी उकलायला सोपं जावं म्हणून.
ही सवय कुणाची, ते मला कुणी सांगायला नको.

आत तांबं उरलंच नव्हतं.
हिरवी पूड, म्हातारे ओठाखाली ठेवतात
त्या नासवायसारखी,
चिमटीत धरली तर चिमटीतच संपली.

डोलोन घाटात तू अकरा उतारू घेऊन
एक अख्खी रात्र काढलीस ना, नोव्हेंबरात?
सीटचं कापड फाडून जाळलंत.
त्या सुनेच्या पायाची दोन बोटं.
तेव्हाही सगळे म्हणाले, बॅटरी.

तू चहात जर्दाळूचा मुरंबा ढवळत होतास.
मी रंग खरवडला, लोखंड चकचकीत होईपर्यंत,
हवं होतं त्याच्या दुप्पट वेळ खरवडला.
नवी पट्टी. दोन बोल्ट. वरून ग्रीस.
हेडलाइट लाव, हीटर लाव, वायपर, काच, सगळं लाव.
तेरा पूर्णांक नऊ. हलला नाही काटा.

"किती झाले, बुरुलकान?"
"तीनशे." पट्टीचे धरले नाहीत.
तू चेहऱ्यावरून हात फिरवून दुवा दिलीस,
माझ्या हातांना, माझ्या मुलांना.
मी तोंड उघडलं होतं.
इंजिन चालू होतं, ऐकू गेलं नसतं.
नाही, हे खोटं. शेड लहान आहे,
इथं मांजर शिंकली तरी ऐकू येतं.

तू निघालास. पुलापर्यंत मागचे लाल दिवे दिसले,
ठळक, अजिबात न थरथरणारे.
टेपचा तुकडा मी खिशात घातला,
मग ड्रॉवरमध्ये, मग पुन्हा खिशात.

आणि आता तिला रात्री घरात नेऊ नकोस,
गाडीतच राहू दे, हे सांगायचंही राहून गेलं.
म्हणजे आजही झोपेल ती शेगडीजवळ
नमद्याखाली,
भरल्या पोटी.