सॉड

शब्दकोशात तो दोनदा भेटतो.
एकदा, गवतासकट कापून काढलेली जमिनीची वडी म्हणून.
आणि तिच्याच खाली, जरासा अंग चोरून,
शिवी म्हणून :
बायबलातल्या कुठल्याशा जळालेल्या शहराचं नाव
झिजत झिजत एवढंच उरलेलं.
पुढे बारीक अक्षरात : सौम्य.

वॉल्टर हार्बॉटलने शब्दकोश कधी उघडला नसावा.
नॉर्थंबरलंडच्या उतारावर चाळीस वर्षं
तो हिरवळ विकत होता,
चटईसारख्या गुंडाळ्या करून,
नव्या बंगल्यांना, बोलिंग क्लबला,
आणि चर्चमागच्या त्या तुकड्याला,
जिथलं बिल तो पाठवायचा विसरायचा.

पहिल्याच सकाळी माझ्या हातून एक गुंडाळी
मधोमध फाटली.
तो म्हणाला, "सॉड!"
मला वाटलं, वस्तूचं नाव सांगतोय.
मी खिशातली वही काढून लिहून घेतलं.
तो हसता हसता खोकला, खोकता खोकता
ट्रेलरला धरून खाली बसला,
आणि दिवसभर येईल-जाईल त्याला सांगत राहिला :
हे बघा, हे आमचं भोळं सॉड.

त्या शब्दाला पातं नव्हतं, नुसती मूठ होती.
ट्रॅक्टर सुरू होईना, तर "सॉड इट", आणि चहा.
लॉटरीत चाळीस पौंड लागलेला पोस्टमन : नशीबवान सॉड.
हिरवळ कापायच्या दिवशीच नेमका पाऊस,
तर तो सॉडचा कायदा,
त्यावर अपील नाही.
कुत्र्याने पाय मोडून घेतला तेव्हा मात्र
त्याने तो कुजबुजत म्हटला, तिच्या कानाशी,
आणि ती शेपटी हलवत राहिली
वेटच्या टेबलावर निजेपर्यंत.

रात्री मी प्रतिशब्द शोधत बसायचो.
हरामखोर? छे, फार जड.
बिचारा? त्यात चिखल नाही.
शेवटी एकच जवळ आला, बायकांच्या तोंडचा,
रागातही माया शाबूत ठेवणारा :
मेला.

घरात तो शब्द चालत नसे.
मेव्हिस चॅपेलमध्ये वाढलेली;
फडताळावर मुरंब्याची रिकामी बरणी,
एका शब्दाला वीस पेन्स.
वॉल्टर कधीकधी आत येतानाच एक पौंड टाकायचा,
आगाऊ.
दर नाताळाला बरणी रिकामी व्हायची
आणि मेव्हिसला नवे हातमोजे यायचे.

मार्चमध्ये, एका मंगळवारी,
तो उतारावर कापणीयंत्राशेजारी सापडला,
इंजिन चालूच.

हिरवळ मी कापली,
वरच्या शेतातली, जी तो गिऱ्हाइकांना देत नसे.
आठ वड्या. कडा जुळवून, सांधे तिरके ठेवून,
त्याने शिकवलं तसं,
गुडघ्याखाली फळी घेऊन,
म्हणजे वजन एका जागी पडत नाही.

लोक गेले. मेव्हिस थांबली.
निळे हातमोजे, बरणीतले.
ती बराच वेळ खाली बघत होती
आणि मग अगदी स्पष्ट, चॅपेलच्या आवाजात,
म्हणाली, "सॉड."

वरची नोंद की खालची,
मला विचारता आलं नाही.
सवयीने मी मनात भाषांतर केलं
आणि तिथेच अडखळलो,
कारण माझ्या भाषेत
ते क्रियापदही आहे.

तिने पर्समधून वीस पेन्स काढले,
इकडेतिकडे पाहिलं,
परत ठेवले.
"तो डावा कोपरा वर राहिलाय," ती म्हणाली,
"त्याला दिसलं असतं तर."

मी फावड्याची पाठ घेतली
आणि हलकेच
थोपटला.